मोठा नांगर आणि नावेची नाळ

नंदुरबार जिल्ह्यांतील एखाद्या शाळकरी मुलास ‘नांगर’ म्हणजे काय असें विचारलें, तर त्याच्या डोळ्यांपुढें शेत उभें राहील. तापीकांठची काळी जमीन, पुढें बैलांची जोडी आणि मागें मातींत घुसत जाणारा फाळ, हाच त्याचा नांगर. समुद्राशीं त्याचा संबंध नाहीं. नंदुरबार शहराहून सुरतेची वाट धरली तरी दीडशें किलोमीटर गेल्यावांचून खारें पाणी दृष्टीस पडत नाहीं. परंतु त्याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या रांगांत, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील गांवांना या शब्दाचा दुसरा अर्थहि आतां जवळचा झाला आहे.

गुजरातेंत केवडियापाशीं नर्मदेवर सरदार सरोवराचें धरण बांधलें गेलें, आणि १९९३ पासून प्रथम मणिबेली व मागोमाग इतर गांवांच्या जमिनी पाण्याखालीं जाऊं लागल्या. महाराष्ट्रांतील ३३ गांवें या बुडितक्षेत्रांत आलीं. सप्टेंबर २०१९ मध्यें जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. त्याची लांबी सुमारें २१४ किलोमीटर होते. जेथें पूर्वीं पायवाट होती तेथें होडी आली. शाळा, बाजार, दवाखाना, सर्व कांहीं पाण्याच्या वाटेवर गेलें. आरोग्यखात्याचे तरंगते दवाखाने याच पाण्यावर चालले, आणि २०२० सालीं टाळेबंदीच्या दिवसांत चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवीत दूरदूरच्या पाड्यांवरील मुलांपर्यंत पोंचत असे. अशा पाण्यावर वारा सुटला, यंत्र बंद पडलें आणि होडी खडकाकडे वाहूं लागली, तर तिला थांबविणारी एकच वस्तु हाताशीं उरते. ती म्हणजे नांगर.

आतां समजा, एका वादळी रात्रीं लहान नांगर घसरला आणि नाव कशीबशी वांचली. दुसऱ्या दिवशीं मालकाच्या मनांत पहिला विचार येतो तो असा कीं, याहून मोठा नांगर आणला पाहिजे. विचार रास्त आहे. परंतु बाजारांतून दुप्पट वजनाचा नांगर आणून जुन्या नावेच्या टोंकाशीं टांगला म्हणजे काम झालें, ही समजूत मात्र घातक आहे. शेतकरी हें चटकन ओळखील. लहान लांकडी नांगर एका जोडीनें चालतो; खोल नांगरटीचा जड लोखंडी नांगर घेतला तर बैलांच्या जोड्या वाढवाव्या लागतात, आणि जूं व दोरहि बदलावे लागतात. नावेचेंहि तसेंच आहे. मोठा नांगर घ्यावयाचा तर तिचें पुढचें टोंक, ज्यास दर्यावर्दी लोक नाळ म्हणतात, तें नव्यानें बांधावें लागतें.

नर्मदेच्या होड्या वल्ह्यांनीं किंवा यंत्रानें चालतात. शिडाच्या नावा कोंकणच्या किनाऱ्यावरच्या. तथापि हा प्रश्न शिडाच्या नावेंत सर्वांत तीव्र होतो. पाणी कापतां यावें म्हणून तिची नाळ अरुंद व धारदार असते. डोलकाठीला पुढून ताणून धरणारा दोर बहुधा तेथेंच बांधलेला असतो. आणि वारा उलटला तर तिला नांगराचाच आधार. म्हणून प्रथम शिडाची नाव डोळ्यांपुढें ठेवून तत्त्व समजून घेऊं व मग पुन्हां नर्मदेकडे वळूं.

नांगर नावेला धरून ठेवतो तो कशामुळें? पुष्कळांस वाटतें कीं वजनामुळें. एके काळीं तें खरेंहि होतें. प्राचीन नांगर दगडाचे असत. विजयदुर्गाच्या समुद्रांत संशोधकांना असे भोंकें पाडलेले दगडी नांगर सांपडले आहेत. त्या भोंकांत लांकडाचे दांडे बसवून त्यांचीं टोंकें तळांत रुतवीत, पण बरीचशी भिस्त वजनावरच असे. आणि वजनाचा एक दोष असा कीं, तें पाण्यांत घटतें. सामान्य दगडाचें वजन पाण्यांत सुमारें दोन-पंचमांशानें कमी होतें. लोखंडाचें अवघें अष्टमांशानें. पुढें लोखंडी नांगर आले आणि वजनाची जागा पकडीनें घेतली. फाळ तळांत घुसतो, त्याच्यापुढची माती दाबली जाते आणि तीच मातीची भिंत नावेला अडवून धरते. म्हणजे खरें ओझें नांगर पेलीत नाहीं, जमीन पेलते. नांगर केवळ जमिनीचा हात धरतो.

येथें शेत आणि समुद्र यांची गांठ पडते. मराठींत दोन्ही वस्तूंना नांगर हाच शब्द आहे. शेतीच्या नांगराचें मूळ संस्कृतांतील ‘लांगल’ या शब्दांत आहे, तर जहाजाच्या नांगरास फारसींत ‘लंगर’ म्हणतात. नांवांची ही जवळीक इंग्लंडांत प्रत्यक्ष आकारांत उतरली. केंब्रिजचे प्रख्यात गणितज्ञ जेफ्री टेलर हे हौशी नावाडीहि होते. त्यांनीं १९३३ सालीं हुबेहूब शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळासारखा जहाजाचा नांगर तयार केला. त्याच्या दांडीमध्यें व फाळामध्यें एक बिजागरी होती. त्यामुळें नाव वाऱ्याबरोबर इकडून तिकडे झुलली तरी फाळ मातींतून उपटत नसे. त्यापूर्वींच्या जड नांगरांच्या मानानें तो हलका असूनहि घट्ट धरी. मागील शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत आणि त्यानंतर याहूनहि चांगले आकार निघाले. त्यांपैकीं कांहींचा फाळ पसरट व खोलगट असून पाठीवर लोखंडी कमान असते. ती नांगराला तळावर उलटा पडूं देत नाहीं.

मग मोठ्या नांगराची गरज काय? याचें उत्तर वाऱ्याच्या स्वभावांत आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा जोर दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. अमेरिकेंतील बोटबांधणीच्या एका मान्य कोष्टकाप्रमाणें ३० फूट लांबीच्या नावेचा नांगरावर पडणारा ताण, ताशीं सुमारें २८ किलोमीटर वाऱ्यांत ८० किलोग्रॅम, ५५ किलोमीटर वाऱ्यांत ३२० किलोग्रॅम आणि ७८ किलोमीटर वाऱ्यांत ६३५ किलोग्रॅम धरला जातो. ज्या नांगरानें वर्षांतील तीनशें रात्री सुखानें काढल्या तोच एका रात्रीं आठपट ताणाखालीं येतो. अनुभवी नावाडी नांगर निवडतो तो त्या एका रात्रीसाठीं.

आतां नाळेकडे पाहूं. मोठा नांगर आला कीं तीन अडचणी एकाच जागीं येऊन उभ्या राहतात: वजनाची, जागेची आणि ताणाची.

पहिली वजनाची. चांगलें घरगुती उदाहरण म्हणजे सीसॉ, म्हणजे मुलांची वरखालीं होणारी फळी. फळीच्या मधोमध बसलेलें जड मूल कांहींच घडवीत नाहीं. टोंकावर बसलेलें हलकें मूल सबंध फळी खालीं नेतें. नाळ ही नावेच्या फळीचें टोंक आहे. उदाहरणादाखल नऊ मीटरांची एक नाव घेऊं. तिचा जुना नांगर १० किलोग्रॅमचा, आणि ८ मिलिमीटर जाडीची ३० मीटर सांखळी ४२ किलोग्रॅमची; एकूण ५२ किलोग्रॅम, नावेच्या मध्यापासून ४ मीटर पुढें. वजनास अंतरानें गुणिलें तर २०८ येतात. आतां नांगर २० किलोग्रॅमचा घेतला आणि त्यास शोभेशी १० मिलिमीटर जाडीची सांखळी घेतली, तर सांखळीच ६९ किलोग्रॅमची होते. एकूण ८९ किलोग्रॅम, आणि गुणाकार ३५६. नावेचें नाक खालीं जातें, पिछाडी वर येते, आणि सुकाणूची पाण्यांतील पकड कमी होते.

याहूनहि वाईट परिणाम लाटांत होतो. नाव लाटेवर पुढें-मागें डोलते तेव्हां टोंकावरील वजनाचा त्रास अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. जुन्या नांगराचा हा हिशेब ५२ गुणिलें १६, म्हणजे ८३२, नव्याचा १,४२४. अशी नाव लाटेबरोबर वर उचलली जाण्यास उशीर करते आणि पुढची लाट सरळ डेकवर घेते.

आतां कुशल कारागीर काय करील? तो नांगर टोंकालाच ठेवील, कारण तो तेथूनच टाकावयाचा असतो. पण सांखळी तेथें ठेवणार नाहीं. नाळेपासून तिरकी नळी काढून तो सांखळीचा खण मागें, डोलकाठीजवळ आणि शक्य तितका खोल नेईल. समजा हा खण मध्यापासून अवघा २ मीटर पुढें आला, आणि नांगर मात्र नव्या बांधणीमुळें थोडा पुढें, ४.३ मीटरांवर गेला. मग पहिला गुणाकार होतो २२४, म्हणजे जवळजवळ जुन्याइतकाच. आणि लाटेवरील डोलण्याचा हिशेब होतो ६४६, म्हणजे जुन्याहूनहि कमी. नांगर दुप्पट झाला, सांखळी जाड झाली, आणि तरीहि नाव पूर्वींपेक्षां हलक्या नाकानें चालूं लागली. वजन किती वाढलें याइतकेंच तें कोठें ठेवलें यास महत्त्व असतें. मात्र नळीचा उतार व खणाची खोली पुरेशी असावी लागते. नाहींतर सांखळीचा ढीग होऊन ऐन वेळीं ती अडकते.

हें शहाणपण नवें नाहीं. मराठ्यांच्या आरमारांतील गुराब प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें आंग्र्यांच्या गुराबांचें वर्णन केलें आहे. त्यावरून दिसतें कीं, गुराबेला साधी नाळ नसून पुढें चोंचीसारखा निघालेला लांब भाग असे, आणि समोरून लाटा आल्या कीं ती फार डोले. त्यावर कारागिरांनीं दोन उपाय योजिले होते. चोंचीवरील डेकला बाजूचे कठडे ठेवले नाहींत, म्हणजे वर आलेलें पाणी अडून न राहतां दोन्ही बाजूंनीं वाहून जाई. आणि समोर मारा करणाऱ्या दोन तोफा चोंचीच्या टोंकावर न ठेवतां मागच्या आडभिंतीशीं ठेवल्या. त्या आडभिंतींतील झरोक्यांतून चोंचीवरून मारा करीत. हत्यार पुढें मारा करणारें, पण वजन मागें! आजचा नौकाकार सांखळीचा खण मागें नेतो तेव्हां तो याच वाटेनें जात असतो.

दुसरी अडचण जागेची. मोठ्या नांगराची दांडी लांब व फाळ रुंद. जुन्या नाळेवरील कप्पी लहान नांगराच्या मापाची असते. मोठा नांगर वर ओढला कीं त्याचें टोंक नावेच्या फळ्यांवर आपटतें आणि दरवेळीं एक खांच पाडतें. कमानीचा नांगर असेल तर ती कमानच नाळेच्या कठड्यास अडते. म्हणून कप्पी पुढें काढून नांगर फळ्यांपासून दूर लोंबेल अशी योजना करावी लागते. यावर साधी युक्ति अशी कीं, प्रथम नांगराचा पुठ्ठ्याचा किंवा पातळ लांकडाचा पूर्ण मापाचा नमुना करावा, तो दोरीनें वरखालीं करून पाहावा, आणि मगच करवतीस हात घालावा. पुठ्ठा फुकट गेला तर चिंता नाहीं; नाळ एकदां चुकीची कापली तर ती सांधून पूर्ववत् होत नाहीं.

याच कामांत नाळेचा आकारहि बदलतां येतो. पाण्याच्या रेषेशीं ती पूर्वींसारखीच धारदार राहूं द्यावी, पण वर जातां जातां तिच्या बाजू फुलासारख्या बाहेर फांकवाव्या. शांत पाण्यांत हा फांकलेला भाग पाण्याला लागत नाहीं. नाक लाटेंत घुसूं लागलें कीं तोच भाग पाण्यांत जाऊन तिला वर उचलतो. शिवाय वर नांगरासाठीं व माणसाला पाय रोवून उभें राहण्यासाठीं रुंद जागा मिळते. फांक फार केली तर मात्र प्रत्येक लाटेवर नाळ थापटीसारखी आपटते. येथें हात आंखडता पाहिजे. नाळ उंच करण्याचा मोहहि आवरावा, कारण दोराची लांबी मोजतात ती पाण्याच्या खोलीवरून नव्हे, तर तळापासून नाळेपर्यंतच्या उंचीवरून. पाणी ३ मीटर खोल आणि नाळ पाण्यापासून दीड मीटर उंच असेल तर उंची साडेचार मीटर. आणि दोर तिच्या सातपट, म्हणजे साडेएकतीस मीटर सोडावा लागतो. दोर लांब सोडला तरच तो नांगराला आडवा ओढतो व फाळ रुततो. आंखूड दोर नांगराला वर उपटतो, मग तो कितीहि मोठा असो.

तिसरी अडचण ताणाची, आणि ती सर्वांत फसवी. कारण शांत दिवशीं ती दिसतच नाहीं. कप्पीचें काम दोराला वाट देण्याचें आहे, ताण सोसण्याचें नव्हे. पण वादळांत नाव एका बाजूस झुलते, दोर तिरका होतो, आणि पुढें निघालेल्या कप्पीला तो आडवा पिळतो. कप्पी जितकी पुढें काढावी तितका हा पीळ वाढतो. म्हणून तिचे बोल्ट केवळ डेकच्या फळींतून घालून भागत नाहीं. खालून रुंद पत्रा किंवा जाड लांकडी ठोकळा देऊन ओझें पसरावें लागतें, आणि कप्पीच्या टोंकापासून नाळेच्या तळाकडे एक पोलादी तणावा ओढून घ्यावा लागतो. दोर बांधावयाचा खुंट तर याहूनहि भक्कम हवा. गोठ्यांतील खुंटा वरवर पुरला तर बैल तो उपटून नेतो, खोल पुरला तर तोच बैल रात्रभर उभा राहतो. नावेचा खुंटहि डेकमधून खालीं उतरून नावेच्या कण्याशीं जखडलेला असावा. मोठा नांगर लावून खुंट जुनाच ठेवणें म्हणजे दाराला नवें कुलूप आणि जुनी कुजकी चौकट. लहान नांगर घसरून नावेला इशारा तरी देतो. मोठा नांगर घसरत नाहीं, आणि मग जें कच्चें असेल तें तुटतें.

आतां पुन्हां नर्मदेकडे वळूं. जलाशयाची पातळी पूर्ण भरल्यावर १३८.६८ मीटर, आणि पाणी वापरून उतरण्याची किमान मर्यादा ११०.६४ मीटर, म्हणजे कांठ एकाच वर्षांत उभ्या मापानें २८ मीटरांपर्यंत खालींवर होऊं शकतो. आज जेथें धक्का तेथें उद्यां कोरडा उतार. डोंगराची बाजू पाण्याखालींहि तशीच उभी गेलेली आहे. पात्राच्या मधोमध नांगर टाकून उपयोग नाहीं. ४० मीटर खोलीस पांचपट धरला तरी २०० मीटर दोर लागेल, आणि तेवढा दोर लहान होडी बाळगीत नाहीं. म्हणून तेथें नांगर हें कांठाजवळचें हत्यार आहे. वाहत वाहत होडी उथळ पाण्याशीं येते आणि खडकावर आदळते, यांमधील थोडा अवकाश एवढाच त्याचा वेळ. तेवढ्यांत तो पडलाच पाहिजे. दोराच्या गुंत्याखालीं, पोत्यांखालीं, माणसांच्या पायांशीं दडलेला नांगर असून नसल्यासारखा आहे.

या होड्यांस महाग बांधणी नको. तत्त्व मात्र तेंच लागूं आहे. नांगर नाळेवर आपल्या जागेंत, एका खुंटीनें अडकविलेला आणि एका झटक्यांत सुटणारा असावा. दोर मागें, मध्याजवळ पाटींत मोकळा रचलेला असावा. खुंट तळाच्या लांकडाशीं जखडलेला असावा. तळ गाळाचा असेल तर फाळाचा नांगर, खडकाचा असेल तर चार गळांचा. आणि बुडालेल्या झाडांत गळ अडकला तर उलट बाजूनें ओढून काढण्यास दुसरी बारीक दोरी त्याच्या टोंकाशीं बांधलेली असावी. सर्वांत मुख्य म्हणजे दोर नेहमीं नाळेवरूनच सोडावा, पिछाडीवरून किंवा बाजूवरून कधींहि नव्हे. नाळ लाटेला तोंड देण्यासाठींच घडविलेली असते. पिछाडी बसकी असते, आणि तिकडून बांधलेली होडी पहिल्या मोठ्या लाटेसरशी भरते.

होडींत वजन कोठें आणि किती, हा प्रश्न या पाण्यावर पुस्तकी राहिलेला नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें संक्रांतीच्या पर्वणीस निघालेल्या यात्रेकरूंची बोट धडगांव तालुक्यांत नर्मदेंत उलटली आणि माणसें बुडालीं. नांगराच्या दहा-वीस किलोग्रॅमांचा हिशेब जो नावाडी करूं लागतो, तो आपोआप माणसांच्या वजनाचाहि हिशेब करूं लागतो. कोणी पुढें बसावें, कोणी मागें, आणि किती जणांनंतर ‘आतां पुरे’ म्हणावें, हें त्याला कळूं लागतें. मोठा नांगर विकत घेण्यास एक दिवस पुरतो. तो पेलणारी नाळ घडविण्यास कांहीं आठवडे जातील. पण ते आठवडे होडी कांठावर असतां घालवावयाचे असतात, पाण्यावर गेल्यानंतर तेवढी सवड कोणासच मिळत नाहीं.